कोरा ठेवलेला रकाना

या वर्षी आमच्या वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्ममध्ये एक नवा रकाना आला: ‘सर्जनशील निर्मिती, असल्यास’. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने वर्षभरात नाटक लिहिलं, चित्रांचं प्रदर्शन भरवलं, कवितासंग्रह काढला, तर त्याचे गुण यापुढे धरले जाणार. फॉर्म आला त्याच दिवशी दोघातिघांनी मला आवर्जून सांगितलं, ‘मॅडम, आता तुमच्या छापचित्रांचंही चीज होईल.’ त्यांना मनापासून आनंद झाला होता. मी वीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवते आहे आणि जवळपास तेवढीच वर्षं लिनोवर, म्हणजे लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर, कोरते आहे, छापते आहे. या दोन्हींच्या मध्ये होणारी माझी ओढाताण त्यांनी जवळून पाहिली आहे. तरीही मी तो रकाना विचारपूर्वक कोरा ठेवला. तो असूच नये, असं माझं मत आहे.

विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवायचं आणि सोबत काहीतरी घडवत राहायचं, अशी माणसं जगात सगळीकडे असतात. त्यांना थोरामोठ्यांकडून ठरलेला सल्ला मिळतो: समतोल साधा. समतोल म्हटलं की तराजू आला, दोन पारडी आली आणि दोन्हींना चालणारं एकच वजन आलं. नवा रकाना म्हणजे त्या सल्ल्याचंच पुढचं पाऊल आहे. तुमचा शोधनिबंध आणि तुमचं चित्र आम्ही एकाच मापाने मोजू, मग तुमची ओढाताण संपेल, असं संस्था म्हणते आहे. माझा आक्षेप या एकाच मापाला आहे.

शोधनिबंध कसा तयार होतो ते आधी सांगते. पहिला खर्डा लिहायचा, परिसंवादात वाचायचा, तिथे कोणीतरी उठून त्यातली भेग दाखवतं, ती बुजवायची. मग नियतकालिकाकडे पाठवायचा. तिथून नाव झाकलेल्या परीक्षकांचे आक्षेप येतात, त्यांना एकेक करून उत्तर द्यायचं. स्मृतीवरच्या माझ्या एका निबंधात मी ‘म्हणून’ असा शब्द वापरला होता. दुसऱ्या परीक्षकाचं म्हणणं होतं की माझ्या पुराव्यांवरून ‘म्हणून’ म्हणता येत नाही, फार तर ‘यावरून असं सुचतं’ एवढंच म्हणता येईल. त्या एका शब्दापायी आठ महिने गेले. आणि परीक्षक बरोबर होता. हीच या कामाची शान आहे: इथे सगळं मागे घेता येतं, दुरुस्त करता येतं, आणि जे शेवटी उरतं ते प्रत्येक शब्दाचा जाब देऊ शकतं.

आता लिनोकट. मी करते त्या पद्धतीला रिडक्शन म्हणतात. एकाच लिनोवरून रंगामागून रंग छापायचे असतात. जिथे कागद पांढरा राहायला हवा तेवढा भाग आधी कोरून काढायचा आणि सगळ्या प्रती सर्वांत फिक्या रंगात छापून घ्यायच्या. त्या वाळल्या की जिथे तो फिका रंग टिकायला हवा तो भाग त्याच लिनोवर कोरायचा आणि त्याच कागदांवर त्याहून गडद रंग चढवायचा. पुन्हा कोरायचं, पुन्हा छापायचं. शेवटच्या रंगाशी येईपर्यंत लिनोवर जेमतेम काही रेघा आणि ठिपके उरलेले असतात. सुरुवातीला बारा कागद घेतले असतील तर बाराच प्रती होणार, त्यातही दोनतीन वाया जाणार. तेरावी प्रत नंतर कधीच काढता येत नाही, कारण पहिला रंग ज्या लिनोने छापला तो लिनो आता जगात नाही.

गेल्या वर्षी मी एका रिकाम्या खुर्चीचं चित्र करत होते. तिसऱ्या रंगाच्या वेळी कटर सटकला आणि खुर्चीच्या मागच्या पायाचा खालचा तुकडा, बोटाच्या पेराएवढा, उडून गेला. पाय जमिनीला टेकेना. दोन दिवस मी तो लिनो पालथा ठेवला. मग शेवटचा, गडद रंग छापण्याआधी सावलीची कड थोडी अलीकडे कोरली, पाय जिथे टेकायला हवा होता तिथून जरा दूर. छापून कागद उचलला तर खुर्चीवरून कोणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखं वाटत होतं. खुर्ची अजून हलते आहे, असं. हे मी योजलं नव्हतं. मला हेच हवं होतं हे मात्र कागद उचलताक्षणी कळलं.

आता या चित्राबद्दल मी त्या रकान्यात काय लिहू? संशोधनाचा प्रश्न कोणता, पद्धत कोणती, ज्ञानात भर काय पडली? हे प्रश्न मी कल्पनेने रचलेले नाहीत. ब्रिटनमध्ये विद्यापीठांच्या संशोधनाचं जे राष्ट्रीय मूल्यमापन होतं, त्याच्या २०२१ च्या फेरीत प्रदर्शनं, संगीतरचना, नाट्यप्रयोग हेही संशोधनाचं फलित म्हणून सादर करता येत होते आणि त्यांतलं संशोधन कोणतं हे समजावणारं, जास्तीत जास्त ३०० शब्दांचं निवेदन सोबत जोडता येत होतं. त्यामागचा विचार क्षुद्र होता असं मी म्हणणार नाही. १९९२ मध्ये तिथल्या पॉलिटेक्निक संस्थांना विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यांच्यासोबत कलाशिक्षणाचे कितीतरी विभाग विद्यापीठांच्या हिशोबात आले, आणि तिथे चित्रकला शिकवणाऱ्याचं चित्र हे त्याचं काम म्हणून धरलं जाणं अगदी रास्त होतं. ज्याला चित्रं काढण्यासाठीच नेमलंय, त्याच्याकडे चित्रं मागा. मला तत्त्वज्ञान शिकवायला आणि लिहायला नेमलं आहे. माझं चित्र हे माझ्या नोकरीचं काम नाही, आणि ते तसं नाही म्हणूनच मला ते करता येतं.

याबाबत तत्त्वज्ञानाच्याच घरातला एक साक्षीदार माझ्या बाजूने आहे. ऑक्सफर्डचे आर. जी. कॉलिंगवूड यांचे आई आणि वडील दोघेही चित्रकार होते. १९३८ साली आलेल्या ‘द प्रिन्सिपल्स ऑफ आर्ट’ या ग्रंथात त्यांनी कारागिरी आणि कला यांच्यात एक रेघ ओढली. कारागिराला काय बनवायचं ते आधी माहीत असतं, मग तो त्यासाठी साधनं योजतो. कलावंताला आपल्याला काय म्हणायचंय ते म्हणून झाल्याशिवाय कळत नाही. ही रेघ मला पुरती पटत नाही. हातात कटर धरणाऱ्या कोणालाही कळतं की कारागिरीतही वाटेत शोध लागत असतो, आणि कॉलिंगवूड हातांना जरा कमी लेखतात. पण मुख्य मुद्दा खरा आहे. ‘प्रश्न काय होता’ असं आधी विचारलं की उत्तर म्हणून जे येतं, ती दुसऱ्याने सांगितलेल्या मापाची वस्तू असते.

आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना हा धोका इतरांपेक्षा अधिक आहे, कारण कारणं देणं हा आमचा व्यवसाय आहे. खुर्चीच्या त्या चित्रावर ३०० शब्द मी अर्ध्या तासात लिहू शकते. अनुपस्थिती, स्मृतीची पोकळी, आधार नसलेला आधार. वाचणाऱ्याला पटेल. भीती अशी की चार दिवसांनी मलाही पटेल, आणि पुढचा लिनो मी त्या ३०० शब्दांना शोभेल असाच कोरेन. मी या वाटेने एकदा जाऊन आले आहे. पहिली पाचसहा वर्षं माझी चित्रं म्हणजे वर्गात शिकवलेल्या युक्तिवादांची सजावट होती. एकेक फळी बदलत गेलेलं जहाज, भिंतीवरच्या सावल्यांकडे पाहणारे कैदी. ती सहकाऱ्यांना फार आवडायची, कारण लगेच ओळखू यायची. मला छापायला शिकवणाऱ्या बाईंनी त्यातलं एक बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, ‘हे तू आधी वहीत लिहून काढलं होतंस ना?’ लिहून काढलं होतं. त्यानंतर वर्षभर मी काहीच छापलं नाही.

कला तत्त्वज्ञानाला खतपाणी घालते आणि तत्त्वज्ञान कलेला खोली देतं, असं सहज म्हटलं जातं. रकान्याचं समर्थन करणारेही तेच म्हणतात. ज्यांनी दोन्ही गोष्टी खरोखर मोठ्या पातळीवर केल्या, त्यांची साक्ष इतकी सरळ नाही. आयरिस मर्डॉक १९४८ ते १९६३ ऑक्सफर्डच्या सेंट ॲन्स कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत होत्या. त्यांची पहिली कादंबरी १९५४ साली आली आणि ते कॉलेज सोडेपर्यंत सात कादंबऱ्या झाल्या होत्या. लोक त्यांना तत्त्वचिंतक कादंबरीकार म्हणायचे, तेव्हा त्या ठामपणे नाकारायच्या. बीबीसीवर तत्त्वज्ञानाच्या मुलाखती घेणाऱ्या ब्रायन मगी यांच्याशी बोलताना त्यांनी या दोन लेखनांचे हेतू आणि रीती कशा निराळ्या आहेत हे सविस्तर मांडलं आणि आपल्या सिद्धान्तांना कादंबरीत जागा देण्याची आपल्याला धास्तीच वाटते असं सांगितलं. एकाच टेबलावर दोन्ही लिहिणारी बाई त्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून इतकी जपत होती, हे मला फार मोलाचं वाटतं.

आपल्या परंपरेत याहून जुना दाखला आहे. बाराव्या शतकातल्या श्रीहर्षाने ‘खंडनखंडखाद्य’ लिहिलं, ज्यात प्रमाणांच्या, म्हणजे ज्ञान मिळवण्याच्या साधनांच्या, व्याख्या एकामागून एक मोडीत काढल्या आहेत. तो ग्रंथ वाचताना अजूनही धाप लागते. त्याच श्रीहर्षाने नल-दमयंतीवर ‘नैषधीयचरित’ हे बावीस सर्गांचं महाकाव्य लिहिलं. त्या काव्याच्या सहाव्या सर्गाच्या शेवटी तो आपल्या खंडनाचं नाव घेतो, आणि त्यासाठी शब्द वापरतो ‘सहज’. सोबत जन्मलेला, सहोदर. या एका शब्दावर मी बरेच दिवस रेंगाळले आहे. भावंडांचा बाप एक असतो, रक्त एक असतं, पण एकाची परीक्षा दुसऱ्याच्या प्रश्नपत्रिकेवर कोणी घेत नाही. काव्याला खंडनाची पुरवणी म्हणून श्रीहर्षाने सादर केलं नाही, आणि खंडनालाही काव्याचा गोडवा लावला नाही.

काहीतरी इकडून तिकडे झिरपतं, हे मला मान्य आहे. तत्त्वज्ञ व्हिटगेनस्टाइन १९२६ ते १९२८ या काळात व्हिएन्नात आपल्या बहिणीसाठी घर बांधण्यात गुंतला होता. दारांच्या मुठी, रेडिएटर, खिडक्यांच्या कड्या, सगळं त्याने स्वतः आखलं. घर पूर्ण होत आलं असताना एका मोठ्या दालनाचं छत त्याने तीन सेंटीमीटर वर घ्यायला लावलं. १९२९ च्या जानेवारीत तो केंब्रिजला परतला आणि त्याचं नंतरचं तत्त्वज्ञान सुरू झालं. त्या तीन सेंटीमीटरचा त्या तत्त्वज्ञानाशी काही संबंध असेल का? मला वाटतं असेल. जे बरोबर नाही ते कितीही त्रास पडला तरी बरोबर करून घ्यायचं, ही सवय दोन्हीकडे दिसते. पण ते घर चालू असताना ‘याने तुमच्या तर्कशास्त्रात काय भर पडली’ असं कोणी त्याला विचारलं असतं, तर त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. झिरपणं जमिनीखाली होतं. ते मोजायला जागोजागी खणत बसलं तर पाणी दुसरीकडे जातं.

मोजायचंच असेल तर कोणी मोजावं, हाही प्रश्न आहे. नीत्शे वयाच्या चोविसाव्या वर्षी बाझेलला प्राध्यापक झाला. तो पियानोसाठी रचनाही करायचा. १८७२ साली त्याने आपली एक रचना हान्स फॉन ब्यूलो या नावाजलेल्या संगीतकाराकडे पाठवली. ब्यूलोने उत्तरात तिच्या चिंधड्या उडवल्या. ते पत्र वाचताना वाईट वाटतं, पण संगीताने संगीताला दिलेलं ते खरं उत्तर होतं. प्राध्यापक म्हणून सवलत नाही, हौशी म्हणून कौतुक नाही. याच्या उलट टोकाला एड्रियन पायपर आहेत. त्यांनी १९८१ मध्ये हार्वर्डला तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांच्याकडे डॉक्टरेट केली, कांटवर आयुष्यभर काम केलं, आणि कलावंत म्हणून २०१५ साली व्हेनिस बिनाले या कलाप्रदर्शनाचा सुवर्णसिंह हा पुरस्कार मिळवला. सुवर्णसिंह देणाऱ्यांनी त्यांचं कांटवरचं लेखन तपासलं नाही आणि हार्वर्डने त्यांची चित्रं पाहून पदवी दिली नाही. दोन्हीकडे त्या त्या क्षेत्राच्या जाणकारांनी पाहिलं. बढतीच्या समितीतल्या पाच जणांना माझ्या खुर्चीकडे पाहून काय कळणार? ते प्रदर्शन कुठल्या दालनात झालं, किती जणांनी पाहिलं, कॅटलॉग निघाला का, हे विचारतील. मग हुशार माणसं दालन आधी शोधतील आणि लिनो नंतर घेतील.

इथे माझ्या एका तरुण सहकारी मैत्रिणीचं म्हणणं मांडलं नाही तर ते अप्रामाणिक होईल. ती कंत्राटावर शिकवते आणि नाटकं लिहिते. मी रकाना कोरा ठेवला हे कळल्यावर ती रागावली. म्हणाली, ‘मॅडम, तुमची नोकरी कायम आहे. तुम्हाला तो कोरा ठेवणं परवडतं. माझ्या नाटकासाठी मी दोन वर्षं रात्री जागले, त्या दोन वर्षांत माझे निबंध कमी झाले, आणि ती दोन वर्षं कागदावर रिकामी दिसतात. रिकामी राहू देत का?’ माझ्याकडे तत्काळ उत्तर नव्हतं. तिचा फॉर्म भरायला मी बसले तिच्यासोबत, निवेदनही आम्ही दोघींनी मिळून लिहिलं. तिचं कंत्राट वाढलं, आणि त्यात त्या गुणांचा वाटा होता. हे माझ्या विरुद्ध जाणारं उदाहरण आहे आणि मी ते झाकणार नाही.

तरी माझं मत बदललेलं नाही. तिचं दुखणं दोन ठिकाणी आहे: कायमच्या जागा कमी आहेत आणि निबंधांची मागणी जास्त आहे. नाटकाचे गुण धरल्याने यातलं काहीच बदलत नाही. रांग तेवढीच राहते, फक्त रांगेत उभं राहायला निबंधासोबत नाटकही येतं. आज जे ‘असल्यास’ म्हणून आलंय ते काही वर्षांनी ‘असावं’ होतं, हे विद्यापीठात वीस वर्षं काढलेल्या कोणालाही सांगायला नको. परिसंवाद, प्रकल्प, समाजाभिमुख उपक्रम, सगळे असेच आले. मग जो कधी नाटक लिहिणार नव्हता तोही लिहील, आणि जी लिहिणार होती ती संस्थेच्या वार्षिक वेळापत्रकाप्रमाणे लिहील.

मग मागायचं काय? वेळ मागायचा, आणि त्या वेळेचा हिशोब मागू नका म्हणायचं. अर्धवेळ पण कायम असलेल्या जागा हव्यात, ज्यात पगार अर्धा, काम अर्धं आणि निबंधांची अपेक्षाही अर्धी. बिनपगारी रजा हवी, जिच्या अर्जात ‘कारण’ हा शब्द नसेल आणि परत आल्यावर जागा शाबूत असेल. हे फक्त कलावंतांसाठी नको. कोणाला म्हातारे आईवडील सांभाळायचे असतील, कोणाला नुसतं स्वस्थ बसून विचार करायचा असेल, आणि तत्त्वज्ञानाच्या विभागात तर स्वस्थ बसण्याची मुभा असायलाच हवी. सगळ्यांत आधी, वर्षाला इतके निबंध हवेतच, ही अट सैल करा. चार वर्षांत एक विचार नीट पोचवणारा माणूस वर्षाला तीन निबंध काढणाऱ्यापेक्षा विषयाला अधिक देऊन जातो, आणि त्या चार वर्षांत त्याची संध्याकाळ त्याची स्वतःची राहते.

यातलं काही आकाशातून आणायचं नाही. मर्डॉक यांनी १९६३ मध्ये पूर्णवेळ अध्यापन सोडलं, तेव्हा त्यांनी पुढची काही वर्षं लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये मोजक्याच वेळासाठी शिकवलं. अशी जागा होती म्हणून त्यांचं शिकवणं एकदम तुटलं नाही. जिथे अशी जागा नसते तिथे उरतो तो राजीनामा, आणि राजीनामा परवडायला पाठीशी काहीतरी लागतं. तत्त्वज्ञ जॉर्ज सांतायाना १९१२ मध्ये हार्वर्डमधलं अध्यापन सोडून गेले, तेव्हा आईच्या मागे त्यांच्याकडे थोडे पैसे आले होते. त्यांची कादंबरी आली १९३५ साली. ज्यांना वारसा नाही त्यांच्यातलं काय काय हरवलं, त्याची नोंद कुठल्याच फॉर्मवर नाही.

एक गोष्ट मात्र फुकट करता येण्यासारखी आहे. काही वर्षांपूर्वी एका मुलाखतीत समितीतल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी माझी माहिती चाळताना चित्रांच्या प्रदर्शनाचा उल्लेख पाहिला आणि म्हणाले, ‘म्हणजे तुमचं लक्ष विभागलेलं आहे तर.’ मी खाली पाहिलं. पुढच्या अर्जातून मी प्रदर्शन काढून टाकलं. त्यानंतर कितीतरी दिवस कोणी ‘सुट्टीत काय केलं’ असं विचारलं, तरी मी वाचन म्हणायचे. माझ्या सहकाऱ्यांना नवा रकाना उदार वाटतो, कारण ते वाक्य कोणत्या ना कोणत्या रूपात त्यांनीही ऐकलेलं आहे. पण त्या वाक्यावरचा उपाय म्हणजे ते वाक्य न बोलणं. माझ्या चित्राला गुण नकोत आणि त्याबद्दल शिक्षाही नको. शिक्षा करणाऱ्यांनी आता गुण द्यायला घेतले, म्हणून माझ्या संध्याकाळवरचा त्यांचा अधिकार मी मान्य करणार नाही.

माझ्या मैत्रिणीचं नवं नाटक पुढच्या महिन्यात येतंय. पोस्टर मी करते आहे, दोन रंगांत. पहिला रंग, फिका राखाडी, काल रात्री चाळीस कागदांवर चढला आणि ते दोरीवर वाळत आहेत. ती बघायला आली होती. नाटक ती फॉर्ममध्ये लिहिणार आहे. पोस्टरचं मी लिहिणार नाही. त्यावरून आमचं पुन्हा वाजलं. मग तिने एक कागद उजेडात धरला आणि दुसऱ्या रंगात अक्षरं किती गडद येतील ते विचारलं. ते मला अजून ठाऊक नव्हतं.